राजाचा भाऊ, विंचेस्टरचा बिशप

बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीचा विषय निघाला की राजा स्टीफन आणि मटिल्डा ही दोनच नावं पुढे येतात. पण या भांडणाची सूत्रं बराच काळ तिसऱ्याच माणसाच्या हाती होती, असं माझं ठाम मत आहे. तो म्हणजे स्टीफनचा धाकटा भाऊ, विंचेस्टरचा बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा.

विल्यम द कॉन्कररच्या मुलीचा, अडेलाचा, हा मुलगा. लहानपणीच त्याला फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात घातलं. राजा पहिला हेन्री हा सख्खा मामा. त्याने भाच्याला 1126 मध्ये ग्लास्टनबरीचा मठाधिपती केलं आणि 1129 मध्ये विंचेस्टरचा बिशप. ही दोन्ही पदं त्याने मरेपर्यंत सोडली नाहीत.

आपल्यानंतर गादी आपल्या मुलीला, मटिल्डाला, मिळावी म्हणून मामाने सरदारांकडून शपथ घेतली होती. स्टीफननेही ती घेतली होती. पण डिसेंबर 1135 मध्ये मामा वारला आणि स्टीफन तडक इंग्लंडला पोहोचला. शाही खजिना होता विंचेस्टरमध्ये. बिशपच्या मदतीने तो स्टीफनच्या हाती आला आणि त्याच महिन्यात राज्याभिषेकही उरकला. नवा राजा चर्चच्या स्वातंत्र्याला हात लावणार नाही, याला हेन्री स्वतः जामीन राहिला.

पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा जामीन विसरून चालत नाही. 1138 मध्ये कँटरबरीचं आर्चबिशपपद, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधलं सर्वोच्च पद, थिओबाल्डला मिळालं, हेन्री डावलला गेला. 1139 मध्ये पोपने त्याला आपला प्रतिनिधी नेमलं, आणि त्याच वर्षी स्टीफनने सॉल्झबरी आणि लिंकनच्या बिशपांना अटक करून त्यांचे किल्ले घेतले. हेन्रीने धर्मसभा भरवून प्रत्यक्ष भावालाच जाब विचारला. निव्वळ हुकलेल्या पदाचा राग म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही. शब्द त्याचाही गेला होता.

फेब्रुवारी 1141 मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला, तेव्हा हेन्री मामेबहिणीच्या बाजूला गेला. एप्रिलमध्ये विंचेस्टरच्या सभेत त्याने तिला ‘इंग्रजांची स्वामिनी’ म्हणून मान्यता मिळवून दिली. मात्र दोघांचं फार काळ जमलं नाही. जूनमध्ये लंडनकरांनी मटिल्डाला हुसकावलं, हेन्री पुन्हा भावाकडे वळला आणि तिने विंचेस्टर गाठून त्याच्या माणसांना वेढा घातला. आतून त्यांनी पेटते बोळे फेकले. त्या आगीत शहराचा मोठा भाग, हाइडचा मठ आणि जोगिणींचा मठ जळाला. ही आग बिशपच्याच माणसांनी त्याच्याच शहरात लावलेली होती. शेवटी स्टीफनच्या राणीचं सैन्य आलं, मटिल्डा निसटली, पण तिचा सावत्र भाऊ रॉबर्ट पकडला गेला. त्याच्या बदल्यात स्टीफन सुटला.

1154 मध्ये स्टीफन गेला आणि मटिल्डाचा मुलगा, दुसरा हेन्री, गादीवर आला. पुढच्याच वर्षी बिशप क्लूनीला निघून गेला आणि इकडे राजाने त्याचे किल्ले पाडले. काही वर्षांनी तो परतला. 1162 मध्ये थॉमस बेकेटला आर्चबिशपपदाची दीक्षा त्यानेच दिली. पुढे राजाच्याच सरदारांनी बेकेटचा खून केला. त्यानंतर ऑगस्ट 1171 मध्ये राजा त्याला भेटायला आला, तेव्हा मरणाला टेकलेल्या या बिशपने त्या खुनाबद्दल त्याला तोंडावर सुनावलं.