गोधडी शिवायला देण्यापूर्वी : आमच्या शिवणगटाच्या कामाची माहिती

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक कापडाचे एक गाठोडे घेऊन येतात. त्यात आजीचे लुगडे असते, आजोबांचे धोतर असते, विटलेली पण टाकवत नसलेली एखादी सुती साडी असते. त्या गाठोड्याची गोधडी होईपर्यंत ते कोणाकोणाच्या हाताखालून जाते आणि त्याला इतके दिवस का लागतात, हे काम घेताना प्रत्येकाला सविस्तर सांगणे जमतेच असे नाही. म्हणून हे पत्रक काढले आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या ग्राहकांनी ‘गोधडी’च्या जागी ‘वाकळ’ असे वाचावे, वस्तू तीच आहे.

सर्वांत आधी सांगायचे ते हे, की आमची कोणतीही गोधडी एकटी स्त्री शिवत नाही. गटातील स्त्रिया आठवड्यातून तीन दुपारी एकत्र बसतात आणि एका गोधडीच्या चार बाजूंना चौघी असे काम चालते. ही पद्धत आम्ही शोधून काढलेली नाही. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली, की ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीला गोधडी अंथरायची, शेजारणींनी हाताला हात लावायचा आणि पावसाच्या आत ती पुरी करायची, हा गावोगावचा रिवाज होता. अनेक ठिकाणी गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया त्याच दिवसांत दारोदार फिरत असत. आम्ही फक्त ओसरीच्या जागी भाड्याची खोली घेतली आहे.

कामाचा पहिला दिवस शिवण्याचा नसतोच. सर्व कापड धुऊन, त्यातली खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवले जाते, कारण खळ राहिली तर पुढे कसर लागते आणि न धुतलेले कापड गोधडी झाल्यावर आटले, तर थर एकमेकांना ओढू लागतात. त्यानंतर खालचे अस्तर जमिनीवर ताणून अंथरतात, त्यावर जुन्या कापडाचे थर एकेक करून हाताने सुरकुत्या मोडत पसरतात, सर्वांत वर तुकड्यांची जोडलेली बाजू ठेवतात आणि लांब टाक्यांनी सगळे उभे-आडवे टाचून घेतात. हे टाचणे आम्ही घाईने करू देत नाही. आपल्याकडे गोधडीचे दोरे कडेपासून सुरू होऊन चौकटीत चौकट असे आत सरकत जातात. त्यामुळे थर सैल टाचले असतील, तर जास्तीचे कापड ढकलले जाऊन नेमके मधोमध साचते आणि तेथे फुगा येतो, जो नंतर उसवल्याशिवाय जात नाही. गटातील जुन्याजाणत्या स्त्रिया टाचलेल्या गोधडीवरून डोळे मिटून तळवा फिरवतात आणि बोट ठेवून सांगतात, इथे उसव. नव्या मुलींना या परीक्षेचा राग येतो, पण अजून तरी तळवा चुकल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पुढचे काम साध्या धावदोऱ्याचे. प्रत्येकीच्या हाताची लय वेगळी असल्याने एका बाजूचे टाके बारीक व दुसऱ्या बाजूचे थोडे लांब दिसतात, आणि कोपऱ्यात दोन हात भेटतात तेथे हा फरक उघड कळतो. काही ग्राहक याला दोष समजतात. टाका सैल असेल, थर निसटला असेल किंवा दोरा मध्येच तुटला असेल, तर तो दोषच आहे आणि आम्ही तो विनामूल्य दुरुस्त करून देतो. टाक्याची लांबी मात्र आम्ही एकसारखी करून देत नाही. ज्यांना सरळ, एकसारखी शिलाई हवी आहे, त्यांनी निःसंकोच यंत्रावर शिवून घ्यावे. ती स्वस्तही पडेल.

कापड आणताना मापाचा अंदाज असा धरावा, की एका नऊवारीतून, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापडातून, साडेसहा फूट लांब व पाच फूट रुंद अशा गोधडीचे जेमतेम तीन थर निघतात. पुण्या-मुंबईच्या हवेला चार थर पुरेत, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी सहा लागतील. कापड सुतीच असावे. टेरिलिन किंवा नायलॉनच्या साड्या आम्ही नम्रपणे परत करतो, कारण ते कापड टाचूनही घसरते आणि अंगावर घेतल्यावर घाम शोषत नाही. जरीचा काठ अंगाला टोचतो, तेव्हा तो काढून घेऊन बाहेरच्या गोटाला लावता येईल. ज्या लुगड्याला नुसते ओढल्यावर चीर जाते, ते आतल्या थरातही टिकत नाही. अशा वेळी त्याचा शाबूत असलेला काठ किंवा पदर तेवढा वरच्या बाजूला घेऊ.

ग्राहकांनी स्वतः बैठकीला यावे, अशी आमची इच्छा असते. विशेषतः बारशासाठी शिवल्या जाणाऱ्या लहान गोधड्यांमध्ये घरातील आत्या, मावशी, दोन्ही आज्या असे सर्वजण एकेक तुकडा शिवतात, त्यावर साखळी टाक्याने एखादे पान किंवा पाखरू भरतात आणि आम्ही ते तुकडे जोडून देतो. शिवणाची सवय नसली तरी चालते. एका दुपारीत धावदोरा हाताला बसतो. पुरुषांनी येऊ नये असा नियम नाही, आणि जे येतात त्यांचे टाके बरेचदा अधिक नेटके असतात, हे येथे नोंदवणे भाग आहे. गटातील दोघी धारवाडकडच्या असल्याने कोपऱ्यांवर कसुती काढून घेण्याचीही सोय आहे. या कामात छाप न उठवता कापडाचे उभे-आडवे धागे मोजून, कोठेही गाठ न मारता टाका घातला जातो, म्हणून त्यासाठी धागे डोळ्यांना दिसतील असे साध्या विणीचे कापड लागते आणि वेळही बराच लागतो.

धुण्याविषयी थोडक्यात : वर्षातून एकदोनदाच, साध्या साबणाने, हाताने धुवावी. भिजलेली गोधडी फार जड होते; एका दोरीवर टाकली तर मधला दोरा ताणला जाऊन तुटतो, यासाठी ती रुंद कठड्यावर किंवा स्वच्छ गच्चीवर पसरून वाळवावी. ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि दर वेळी घडी बदलावी.

पूर्ण मापाच्या गोधडीला साधारण चार आठवडे लागतात. पावसाळ्यात कापड वाळत नसल्याने नवे काम दसऱ्यानंतरच घेतले जाते. मजुरी थरांच्या संख्येवर ठरते व ती आधी लिहून दिली जाते. कसुतीची मजुरी वेगळी. शेवटचा कोपरा मिटवण्याआधी आमच्या वडीलधाऱ्या स्त्रिया त्यात तांदळाचे दोन दाणे ठेवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. ज्यांना हे नको असेल त्यांनी काम देतानाच सांगावे. उरलेले तुकडे, कितीही लहान असले तरी, पिशवीत बांधून गोधडीबरोबर परत मिळतील.