गावातला मेटाबॉलिक सिंड्रोम: टक्केवारीमागचा कमरेचा वाद

वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि गाउट (युरिक आम्ल साचून होणारं सांध्यांचं दुखणं) एकाच माणसात सापडतात, ही नोंद युरोपात 1920 च्या दशकातच झाली होती. अशा एकत्र येणाऱ्या बिघाडांनाच आज मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. या साऱ्याच्या मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आहे, ही मांडणी 1988 ची. पण गावोगावच्या पाहण्यांचे आकडे ज्या व्याख्यांवर उभे आहेत, त्या 1998 नंतर आल्या आणि घोळही तिथूनच सुरू झाला.

2001 ची व्याख्या म्हणजे पाचपैकी कुठलेही तीन निकष: वाढलेली कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि कमी एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल). कमरेची मर्यादा मात्र पुरुषांना 102 आणि बायकांना 88 सेंटिमीटर, म्हणजे पाश्चात्त्य बांध्याची. 2005 मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी ती 90 आणि 80 वर आली, उपाशीपोटीच्या साखरेची रेषा 110 ऐवजी 100 झाली. पण कंबर वाढलेली असणं सक्तीचं ठरलं. 2009 च्या संयुक्त निवेदनात ही सक्ती गेली.

याचा परिणाम बघा. कोल्हापूरलगतच्या करवीर तालुक्यातली एखादी बाई: कंबर 84, एचडीएल 42, साखर 104, बाकी ठीक. 2001 च्या हिशेबात तिचा एकच निकष (कमी एचडीएल) भरतो, 2005 च्या हिशेबात तिला सिंड्रोम आहे. उलट ऊसतोडीला जाणारा गडी: कंबर 86, रक्तदाब 136/88, ट्रायग्लिसराइड 190, एचडीएल 36. कंबर सोडून तीन निकष भरतात, म्हणून 2001 ला तो सापडतो, 2005 ला सुटतो, 2009 ला पुन्हा सापडतो. गावातली माणसं तीच, टक्केवारी वेगळी. म्हणून दोन पाहण्यांचे आकडे शेजारी मांडण्याआधी व्याख्या विचारावीच लागते. कंबरेची सक्ती काढली ते योग्यच झालं. कष्टकरी, काटक माणूस ‘बरा आहे’ म्हणून वगळणं आपल्याकडे फार महागात पडतं.

का, त्याचं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतून 2003 मध्ये मिळालं. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5 किलोंची, पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते स्नायू, चरबी त्या मानाने टिकून होती. असं शरीर पुढे थोड्याशा वजनवाढीनेही बिघडतं.

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात ही वाढ सहकारी कारखाने आणि उपसा सिंचनाबरोबर आली. मोटेची जागा पंपाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने. शिरोळ-हातकणंगल्यात जोंधळ्याच्या भाकरीशेजारी गहू आणि तांदूळ वाढले, चहा दिवसातून चार-पाच वेळा झाला. त्यात मिश्री आणि तंबाखू.

2010 नंतर असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी आली आणि तिशीपुढच्यांची कंबर आशाताई मोजू लागल्या. त्यांच्या फॉर्मवर बायकांना 80 पर्यंत शून्य गुण, 81 ते 90 ला एक, त्यापुढे दोन. पुरुषांना याच पायऱ्या 90 आणि 100 वर. मोजायची जागा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, सहज श्वास सोडल्यावर. नऊवारीच्या ओच्यावरून किंवा धोतराच्या गाठीवरून टेप फिरवली तर काही सेंटिमीटर फुकटचे वाढतात. ओचा सैल करून कापडाचा एकच पातळ थर ठेवावा. रक्तदाबाआधी पाच मिनिटं बसवावं, तंबाखू-चहाला अर्धा तास झालेला असावा.

साखरेची गफलत वेगळी. पहाटे धार काढायला उठलेल्या माणसाने कपभर चहा घेतलेला असतो आणि तो ‘उपाशीच आहे’ असं सांगतो. म्हणून ‘चहा झाला का?’ असंच विचारावं. साध्या नळीतल्या रक्तातली साखर, सीरम वेगळं केलं नाही तर, तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते. गगनबावड्याहून प्रयोगशाळेत पोचायला दोन तास लागले तर 104 चे 92 होतात आणि एक निकष पुसला जातो. राखाडी टोपणाची फ्लोराइड नळी वापरली तरी पहिला तासभर घट पुरती थांबत नाही; नळी लगेच बर्फात ठेवावी लागते.