श्वासनलिकेचा स्नायू इतका चिडका का होतो?

थंड हवेची झुळूक, धूर, परागकण, जोरात धावणं. यातल्या कशानेही निरोगी माणसाला फार तर ठसका लागतो. दमा असलेल्याची मात्र छाती आवळते आणि श्वास सोडताना घरघर सुरू होते. दोघांच्या श्वासनलिकांभोवती स्नायू एकाच जातीचा असतो, तरी दमेकऱ्याचा स्नायू एवढ्याशा कारणाने आवळतो. सोपं उत्तर असं की त्याचा स्नायूच जास्त जोरकस असणार. गंमत म्हणजे, असे स्नायू शरीराबाहेर काढून त्यांच्या पट्ट्यांचा जोर मोजला, तर सगळ्याच प्रयोगांत ते निरोगी स्नायूंपेक्षा ताकदवान ठरलेले नाहीत. म्हणजे दोष एकट्या स्नायूचा नाही. तो ज्या वातावरणात राहतो, त्या दाहाचाही, म्हणजे प्रतिकारपेशींमुळे येणाऱ्या सुजेचाही आहे.

हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. तो नळीभोवती गुंडाळलेला असतो, त्यामुळे आवळला की नळी अरुंद होते. सुरळीत वाहणाऱ्या हवेसाठी नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नव्हे, १६ पट वाढतो. त्यातच दाहामुळे आतलं अस्तर सुजलेलं आणि कफ साचलेला असेल, तर स्नायूच्या थोड्याशा आकुंचनानेही जीव कासावीस होतो.

आकुंचनाची सुरुवात बहुधा व्हेगस या मज्जातंतूपासून होते. त्याच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटतं आणि स्नायूपेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे रसायनाचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना चिकटतं. मग पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं. त्यामुळे एक विकर (एन्झाइम) जागं होतं, ते मायोसिन या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि स्नायू आवळतो. दुसरं विकर हे फॉस्फेट उतरवतं, तेव्हा स्नायू सैलावतो. स्नायू किती आवळेल, हे या चढ-उताराच्या हिशेबावर ठरतं.

दाह नेमका या हिशेबात ढवळाढवळ करतो. ॲलर्जीच्या दम्यात प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-१३ सारखी संदेशवाहक प्रथिनं सोडतात. प्रयोगांत असं दिसलं आहे की त्यांच्या प्रभावाखाली स्नायूपेशीत ‘ऱ्हो’ या प्रथिनाचं काम वाढतं आणि फॉस्फेट उतरवणाऱ्या विकराला लगाम बसतो. कॅल्शियम तेवढंच असलं, तरी आवळ जास्त आणि सैल होणं उशिरा. शिवाय हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही दाहात सुटणारी रसायनं स्वतःच स्नायूला आवळतात. श्वासनलिका आवळण्यात काही ल्युकोट्राइन हिस्टामिनच्या सुमारे हजारपट प्रभावी आहेत. त्यांची रासायनिक रचना उलगडणारे स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएल्सन १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते.

मज्जातंतूही यातून सुटत नाही. पुरेसं ॲसिटिलकोलिन सुटलं की ते आणखी सुटू नये, यासाठी मज्जातंतूच्या टोकावर खास ग्राही असतात. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मज्जातंतूंभोवती जमल्या, की त्यांच्यातून सुटणारं एक प्रथिन या ग्राहींना निकामी करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे चांगलं सिद्ध झालं आहे. तिथला ब्रेकच निघून गेला, तर साध्या धुरानेही प्रतिक्षिप्त क्रियेतून नळी आवळते, यात नवल नाही.

या विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा २००२ सालचा आहे. इओसिनोफिलिक ब्राँकायटिस नावाचा एक आजार आहे. त्यात खोकला असतो आणि श्वासनलिकेच्या अस्तरात दम्यासारखेच इओसिनोफिलही असतात. पण नळी चिडकी नसते, एरवीच्या उत्तेजकांनी ती आवळत नाही. दाह तोच, मग फरक कुठे? ब्रिटनमधल्या ख्रिस्तोफर ब्राइटलिंग आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या श्वासनलिकेचे सूक्ष्म तुकडे तपासले. दम्यात मास्ट पेशी या ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारपेशी थेट स्नायूच्या आत शिरलेल्या होत्या. दुसऱ्या आजारात त्या तिथे जवळजवळ नव्हत्याच. हिस्टामिन साठवणाऱ्या आणि ल्युकोट्राइन तयार करणाऱ्या या पेशी स्नायूतच ठाण मांडून बसल्या, तर रसायनांना फार प्रवास करावा लागत नाही. दाह किती आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचं असू शकतं. स्नायूही निमूट बसत नाही. तो स्वतः अशी रसायनं सोडतो, ज्यांच्या ओढीने आणखी दाहक पेशी तिथे येतात.

आणखी एक जागा आहे जिथे गणित बिघडतं, ती म्हणजे खोल श्वास. निरोगी माणसात खोल श्वासाने फुप्फुस नळ्यांना बाहेरून ताणतं आणि आवळलेला स्नायू सैलावतो. १९९५ मधल्या एका प्रयोगात निरोगी लोकांना खोल श्वास घेऊ न देता नळी आवळणारं औषध दिलं, तेव्हा त्यांची प्रतिक्रिया दमेकऱ्यांसारखी झाली. दमेकऱ्यात मात्र खोल श्वासाचा हा फायदा फारसा मिळत नाही. नळीभोवतीची सूज ही ओढ स्नायूपर्यंत पोहोचू देत नसावी, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

धूम्रपानातून होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसरोगात न्यूट्रोफिल या वेगळ्या पांढऱ्या पेशींचा दाह असतो आणि बरीचशी हानी कायमची असते. तरी तिथेही व्हेगसचा ताण कमी करणारी औषधं काम देतात.

आता औषधांकडे. साल्ब्युटामॉल स्नायूला काही मिनिटांत सैल करतं, म्हणून ते जादूचं वाटतं, पण मास्ट पेशी किंवा इओसिनोफिल यांना ते हुसकावत नाही. श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हळू काम करतं. ते दाहाचे संदेश गप्प करतं आणि स्नायूवर साल्ब्युटामॉलच्या ग्राहींची संख्याही वाढवायला मदत करतं. २०१९ मध्ये ‘जिना’ या दम्याविषयीच्या जागतिक उपक्रमाने प्रौढ आणि किशोरवयीनांना केवळ झटपट आराम देणारा इनहेलर पुरेसा मानणं थांबवलं. त्याबरोबर स्टेरॉइड असायलाच हवं, अशी शिफारस केली. स्वतःहून औषध बदलू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

मात्र दाहामुळे आकुंचन, हा क्रम एकेरी नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य दमा असलेल्या काही स्वयंसेवकांच्या नळ्या मेथाकोलिनने वारंवार आवळल्या. हे औषध ॲलर्जी निर्माण करत नाही आणि त्यांच्यात इओसिनोफिलही वाढले नाहीत. तरी काही दिवसांत अस्तराखालचा कोलाजेन या तंतुमय प्रथिनाचा थर जाड झाला. ज्यांना मेथाकोलिनच्या आधी साल्ब्युटामॉल देऊन आकुंचनच होऊ दिलं नाही, त्यांच्यात हा बदल दिसला नाही.