'क्वीन मेरी २': क्रूझच्या जमान्यात बांधलेली लायनर

ऑक्टोबर १९५८मध्ये लंडन ते न्यूयॉर्क जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि अटलांटिकचा कित्येक दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. तिथून लायनर जहाजांना, म्हणजे ठरलेल्या मार्गावर ठरल्या वेळी प्रवासी नेणाऱ्या जहाजांना, जी उतरती कळा लागली, ती थांबली नाही. १९६२मध्ये सेवेत आलेलं 'फ्रान्स' हे देखणं जहाज १९७४मध्ये उभं करून ठेवावं लागलं. ब्रिटिश क्यूनार्ड कंपनीच्या 'क्वीन एलिझाबेथ २'ने तेवढा तग धरला, तोही वर्षातला बराच काळ सहलींच्या फेऱ्या मारून. त्यानंतर जी मोठी प्रवासी जहाजं बांधली गेली ती क्रूझसाठी.

आज आपण दोन्हींना सरसकट क्रूझ म्हणतो, पण काम वेगळं आहे. क्रूझ जहाजाला वादळाची चाहूल लागली तर ते वाट बदलतं, एखादं बंदर वगळतं. लायनरला ठरल्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्याला लागायचंच असतं, मग उत्तर अटलांटिक कितीही खवळलेला असो. 'क्वीन मेरी २'च्या बांधणीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका अटीतून आली आहे.

१९९८मध्ये अमेरिकेच्या कार्निव्हल कंपनीने क्यूनार्ड विकत घेतली. कार्निव्हलचे प्रमुख मिकी ॲरिसन यांना नवी लायनर हवी होती, आणि आराखड्याचं काम स्टीफन पेन या इंग्रज नौकास्थापत्यकाराकडे गेलं. पेन यांची गोष्ट मला फार आवडते. १९७२मध्ये जुनी 'क्वीन एलिझाबेथ' हाँगकाँगला जळून गेली. असं जहाज आता पुन्हा होणे नाही, असं बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाच्या वार्षिकात छापून आलं. शाळकरी पेनना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी थेट पत्र लिहून तसं कळवलं. पुढे तीस-एक वर्षांनी ते जहाज त्यांच्याच हातून उभं राहिलं.

पेनपुढचा पेच पैशांचा होता. बाल्कनीच्या खोल्यांशिवाय आधुनिक जहाजाचा खर्च निघत नाही, आणि अटलांटिकच्या लाटांच्या टप्प्यात बाल्कन्या ठेवता येत नाहीत. म्हणून त्यांनी मांडणीच फिरवली. जेवणाची दालनं, नाट्यगृह, मोठ्या बैठका खाली घेतल्या आणि बहुतेक खोल्या वर नेल्या. काही बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगातच कोरल्यासारख्या बसवल्या, त्यामुळे वाऱ्याचा मारा थेट बसत नाही. जीवरक्षक होड्या नियमाप्रमाणे पाण्यापासून १५ मीटरच्या आसपास हव्यात. पेन यांनी खास परवानगी मिळवून त्या सुमारे २५ मीटरवर टांगल्या, कारण खाली असत्या तर वादळात लाटांनी फोडल्या असत्या. एवढं सगळं वर चढवायचं तर जहाज रुंद हवं, लांब हवं. लांबी ३४५ मीटर झाली आणि रुंदी ४१. पनामा कालव्याच्या तेव्हाच्या जलपाशांची (लॉकची) रुंदी होती ३३.५ मीटर. म्हणजे तो रस्ता तेव्हा सोडला. धुराड्याची उंची मात्र न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाने ठरवली, त्याखालून जायचंच होतं.

इंजिनांची जागाही वेगळी आहे. चार डिझेल इंजिनं नेहमीसारखी तळाशी, पण दोन गॅस टर्बाइन थेट वर, धुराड्याच्या पायाशी. टर्बाइनला हवा प्रचंड लागते. ती तळाशी ठेवली असती तर हवेच्या अजस्र नळांनी प्रत्येक मजल्यावरची जागा खाल्ली असती. या सगळ्यांची वीज चार पॉडना जाते. पॉड म्हणजे जहाजाच्या पोटाखाली टांगलेली, आत मोटर आणि टोकाला पंखा असलेली शेंग. दोन पक्के बसवलेले, दोन फिरणारे, त्यामुळे सुकाणूची गरजच उरली नाही. वेग ३० नॉटच्या, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या उघड्या डेकवर पंख्यांची राखीव पाती बोल्टांनी घट्ट बसवून ठेवली आहेत. माणसाहून उंच, चकचकीत, वळणदार धातूची ती पाती पाहून शिल्पच वाटावं.

बांधणीचं काम फ्रान्समधल्या सेंत-नाझेरच्या गोदीला मिळालं. 'नॉर्मंडी' आणि 'फ्रान्स' या जुन्या लायनर याच गोदीतल्या, त्यामुळे तिथल्या लोकांना लायनर म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. करार नोव्हेंबर २०००मध्ये झाला, जानेवारी २००२मध्ये पहिलं पोलाद कापलं गेलं, ४ जुलैला कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, बसली आणि मार्च २००३मध्ये जहाज पाण्यावर तरंगलं.

१५ नोव्हेंबर २००३ला, काम संपत आलं असताना, कामगारांच्या घरच्यांना जहाज पाहायला बोलावलं होतं. सुक्या गोदीच्या काठावरून जहाजावर जाणारा, नुकताच लावलेला पूल माणसांसह खाली कोसळला. १६ जण गेले, तिसाहून अधिक जखमी झाले. आपण काय घडवलं ते घरच्यांना दाखवायचा तो दिवस होता. या जहाजाच्या थाटामाटाबद्दल वाचताना ही १६ माणसं गाळली जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

८ जानेवारी २००४ला साउदॅम्प्टनमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते नामकरण झालं. १९३४मध्ये पहिल्या 'क्वीन मेरी'चं नामकरण त्यांच्या आजी, राणी मेरी यांनीच केलं होतं. चार दिवसांनी पहिली सफर निघाली, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलकडे. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कहून 'क्वीन एलिझाबेथ २'च्या साथीने अटलांटिक ओलांडून तिने तो मार्ग हाती घेतला. त्याच उन्हाळ्यात अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी पिरेयस बंदरात ती तरंगतं हॉटेल होऊन राहिली.

जानेवारी २००६मध्ये दक्षिण अमेरिकेला वळसा घालून लॉस एंजेलिसकडे जायचं होतं. पनामा कालव्यात जहाज मावत नसल्याने हाच लांबचा रस्ता. फोर्ट लॉडरडेल सोडतानाच एक पॉड खाडीमार्गाच्या काठाला घासून निकामी झाला. तीन पॉडवर वेग कमी पडला, मधली बंदरं रद्द झाली, प्रवासी इतके संतापले की शेवटी भाड्याची रक्कम परत द्यावी लागली. वेळ पाळायला बांधलेल्या जहाजाला हे नक्कीच झोंबलं असेल.

तरी फेब्रुवारीत ती कॅलिफोर्नियाला पोचली. तिथे लाँग बीचला पहिली 'क्वीन मेरी' १९६७पासून कायमची उभी आहे. नव्या जहाजाच्या धुराड्यावरच्या भोंग्यांपैकी एक मूळचा त्या जुन्या जहाजाचाच. खर्जातला, दहा मैलांवर ऐकू जाणारा, पूर्वी वाफेवर चालणारा आणि आता दाबलेल्या हवेवर चालणारा. २३ फेब्रुवारीला नव्या 'क्वीन मेरी'ने बंदराबाहेरून तो वाजवला, आणि जुनीने आपल्या भोंग्याने उत्तर दिलं.