व्हीसीडीची एचडी होते का? दुकानात येण्यापूर्वी एवढं वाचा

आठवड्यातून दोघं-तिघं तरी एकच मागणी घेऊन येतात: "'साधी माणसं'ची व्हीसीडी आहे, तेवढी एचडी करून द्या की." घरात नवा मोठा टीव्ही आलेला असतो, वडिलांना जुना सिनेमा दाखवायचा असतो आणि चेहरे पुसट दिसतात. मागणी रास्तच आहे. काउंटरवर गर्दीत उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम लाखभर ठिपके असतात. एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. मोठ्या पडद्यावर वीस ठिपक्यांतला एक खरा, बाकीचे एकोणीस यंत्राने अंदाजाने भरलेले. 'ऐरणीच्या देवा तुला' लावून बघा, अंधाऱ्या भागात ठोकळे हलताना दिसतील. जे डिस्कवर उतरलंच नाही, ते आम्ही कुठून आणणार? त्याच सिनेमाची अस्सल डीव्हीडी मिळाली तर ती घ्या. तिच्यात व्हीसीडीच्या चौपट ठिपके असतात. आमच्याकडे शिल्लक असेल तर लगेच देतो, नसेल तर नाव लिहून ठेवतो.

आता ज्या चुकीत तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती सांगतो. घरीच कॉम्प्युटरवर डिस्क किंवा कॅसेट '१०८०' करायची, फाइल पेनड्राइव्हवर आणायची आणि मूळ वस्तू रद्दीत घालायची. फाइल कितीतरी पट मोठी होते, म्हणून चित्र सुधारलं असं वाटतं. खरं तर ते पुन्हा एकदा दाबलं (कॉम्प्रेस केलं) जातं, त्यात बारकावे गळतात, आणि पडदा भरावा म्हणून आडवं ताणलेलं असेल तर माणसं बुटकी, रुंद दिसतात. एका घरातल्या लग्नाच्या कॅसेटचं असंच झालं. आजीचा चेहरा ताणलेला, कडा खरखरीत आणि कॅसेट भंगारात गेलेली. ताण काढून दिला, पण चेहऱ्यावरचं बारीक काही परत आलं नाही. मूळ कॅसेट असती तर आलं असतं, याची अजून हळहळ वाटते. म्हणून हात जोडून सांगतो, फाइल नको, घरच्या चित्रणाची मूळ डिस्क-कॅसेटच आणा.

सिनेमाची खरी एचडी निगेटिव्हवरून किंवा चांगल्या प्रिंटवरून होते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर अडीच तासांच्या सिनेमाच्या २ लाख १६ हजार चौकटी एकेक करून स्कॅन कराव्या लागतात. ते काम हक्क असणाऱ्यांचं आणि मोठ्या प्रयोगशाळेचं. पण व्हायलाच हवं. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली याच कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनीने केला, भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत किती चित्रपट उभे केले. कोल्हापूरच्या घराघरात त्यांची स्वच्छ प्रत असायला नको? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा आगीत गेला. आहे ते फार काळ थांबणार नाही. अशी अस्सल ब्ल्यू-रे निघाली की आम्ही मागवू. काउंटरवरच्या वहीत आपलं नाव आणि सिनेमा लिहून जा.

सिनेमाच्या डिस्कची नक्कल मात्र आम्ही करून देत नाही. यावर काही जण रागावतात, "शेजारचा करतो की," म्हणतात. करत असेल. पण कुणी खर्च करून चांगली प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी ती पेनड्राइव्हवर फुकट फिरली, तर पुढचा सिनेमा कोण काढेल?

आपल्या घरच्या कॅसेट, लग्न, बारसं, गल्लीतलं नाटक, हे काम आम्ही मनापासून करतो. तासाभराच्या कॅसेटला तासभर लागतोच, ती पळवून उतरवता येत नाही. दर त्यामुळेच तासावर आहे. जुनं चित्र चौकोनी असतं, ते तसंच ठेवतो, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पट्ट्या घालवायच्या तर डोकी कापावी लागतात. पाच मिनिटांचा नमुना आधी मोफत दाखवतो, पसंत पडला तरच पुढे.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली, किंवा ती २०१९ वा २०२१ च्या पुरात भिजलेली असली, तर घरच्या व्हीसीआरमध्ये 'चालते का बघू' म्हणून अजिबात घालू नका. फीत चिकटून तुटते. पुसूही नका. कागदात गुंडाळून आहे तशी आणा, उघडून साफ करायचं आमच्यावर सोडा.