हवा भरलेली आहे, कृपया वाटेत पुन्हा भरू नका
(आमच्याकडून ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमचा टेम्पो मुलुंडला दुकानापुढे लागतो आणि सायकली उतरायला लागतात. आठ सायकली गेल्या असतील तर त्यातल्या दोनांचा तरी टायर रिमवरून सुटलेला असतो. फ्रेमवर दह्याचे शिंतोडे उडावेत तसं पांढरं सीलंट, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये घातलेला द्रव, वाळलेलं असतं. सोबत ग्राहकाचं ठरलेलं वाक्य येतं, "हवा जरा कमी वाटली, म्हणून पेट्रोल पंपावर भरून घेतली."

हे पत्रक त्या वाक्यापायी छापलं आहे.

हवा कमी वाटते, कारण आपण अंगठ्याने टायर दाबून बघतो. लहानपणी पंक्चरवाल्याने शिकवलेली ती सवय आहे आणि साध्या सायकलीला ती चालतेही. रोडबाइक चालवणाऱ्यांना तर ८०-९० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टणक टायरचीच सवय असते. आमच्या ग्रॅव्हल सायकलींचे टायर ४० मिलिमीटर रुंद आहेत आणि ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, आहेत. त्यांना ३० च्या आसपास हवा पुरते. अंगठ्याला ते मऊ लागणारच, ते तसेच हवेत.

आता "अजून थोडी भरली तर काय बिघडतं" याबद्दल. टायर जितका रुंद, तितकी तेवढ्याच दाबाची हवा त्याच्या कडा जास्त जोराने ओढते. आमच्या रिम हुकलेस आहेत, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारा आतला ओठ त्यांना नाही. अशा रिमची वरची हद्द ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायर रुंद असेल तर ती आणखी खाली येते. टायरच्या बाजूवर आकडा छापलेला असतो, रिमवर वेगळा असतो. दोन्हीतला लहान आकडा खरा. पंपावरच्या मुलाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. "फुल करू?" असं तो विचारतो आणि आपण मान हलवतो. त्यातून आपल्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. पंपाची नळी त्याला पितळी अ‍ॅडॉप्टर लावल्याशिवाय बसत नाही. तो अ‍ॅडॉप्टर पूर्वी आम्हीच किटमध्ये द्यायचो. आता देत नाही, यावरून काय ते समजा.

मागच्या डिसेंबरात एका ग्राहकाने बदलापूरच्या अलीकडे हवा "टाइट" करून घेतली आणि पुढे वडापावच्या गाडीजवळ सायकल उन्हात टेकवून ठेवली. बंद हवा तापली की दाब वाढतो. सकाळच्या गारव्यात भरलेले ३२ दुपारच्या उन्हात सहज ३५-३६ होतात. त्याला आमची हरकत नाही, तेवढी जागा आम्ही धरलेली असते. पण सुरुवातच ७० ने झाली तर? फटाक्यासारखा आवाज झाला, टायर सुटला आणि सीलंट थेट चटणीच्या डब्यात. चटणीचे पैसे त्या ग्राहकाने दिले, टायरचं काम आम्ही केलं.

ते काम काय असतं तेही सांगतो, म्हणजे बिलाबद्दल कटुता राहणार नाही. सुटलेला टायर काढायचा, जुनं सीलंट खरवडायचं, रिमवरची टेप कुठे उचकटली आहे का ते बघायचं, टायर पुन्हा बसवायचा, कॉम्प्रेसरने एकदम हवा मारून दोन्ही कडा "टक टक" जागेवर बसल्याची खात्री करायची, नवीन सीलंट घालायचं, चाक फिरवत ठेवायचं आणि मग गळती बघायची. एका चाकाला पाऊण तास जातो. "हवेचे पैसे घेता?" असं जे विचारतात त्यांच्यासाठी हे. हवा आमच्याकडे कायम फुकट आहे, आमची सायकल असो वा तुमची. पैसे त्या पाऊण तासाचे आहेत.

आम्ही हवा किती भरतो? सायकल नेताना आम्ही तुमचं वजन विचारतो, ते यासाठी. साधारण ६० किलोच्या माणसाला पुढे २६, मागे २८. ७५ किलोला पुढे ३०, मागे ३३. ९० किलोला पुढे ३४, मागे ३८. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे थोडी जास्त. हे आकडे लिहिलेली चिकटपट्टी हँडलच्या नळीवर लावलेली असते, ती काढू नका. आणि वजन खरं सांगा. कमी सांगण्यात आमच्या अनुभवात पुरुष बायकांच्या बरेच पुढे आहेत. सात-आठ किलो चोरलेत तर पहिल्याच मोठ्या दगडावर रिम आपटते आणि मग आवाज आम्हाला नाही, तुम्हाला ऐकू येतो.

मऊ टायरने सायकल जड चालते, हा समज डांबरी रस्त्यावरचा. आमच्या सायकली जातात त्या उल्हास नदीच्या खोऱ्यात तो उलटा पडतो. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत या पट्ट्यातल्या गाडीवाटांवर मुरूम असतो, मध्येच सुटी खडी, मध्येच बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो आणि प्रत्येक वेळी सायकलीसकट तुम्हाला उचलतो. ते उचलणं तुमच्याच पायांच्या जोरावर होतं. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. विश्वास नसेल तर आमच्याच सायकलीवर एकाच वाटेने ४५ ने आणि ३० ने जाऊन बघा. तळहात सांगतील.

"सपाटच तर आहे" असं म्हणून पाण्याची एकच बाटली घेऊन येणाऱ्यांसाठीही थोडं. खोरं सपाट आहे हे खरं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून इंजिनं लावतात ती कर्जतला, तोवर रेल्वेलाही त्यांची गरज पडत नाही. कर्जतकडे जाताना उजवीकडे माथेरान, डावीकडे सह्याद्रीची भिंत आणि मध्ये भातशेती. पण सपाटीला उतार नसतो, म्हणजे पॅडल न मारता फुकट मिळणारा आराम नसतो. तीन तास सीटवरच बसायचं. त्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि कर्जतहून कल्याणकडे परतताना तो समोरून लागतो. जाताना "काय मस्त पळतेय सायकल" वाटतं, त्याचा हिशेब परतीला होतो. म्हणून आमचा टेम्पो पहाटे पाचला निघतो आणि अकराच्या आत परत फिरा असं आम्ही सांगतो. पाचचा हट्ट हौस म्हणून नाही.

वाटेवर ओल कुठे असते तेही लक्षात घ्या. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून १९२२ पासून सुटणारं पाणी उल्हासला मिळतं, म्हणून नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. त्याच पाण्यावर कर्जत तालुक्यात राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात होतो. एप्रिलमध्ये चहूकडे धूळ असताना या पट्ट्यात एकदम चिखल लागतो. तिथे वेग कमी करा आणि बांधावर चढून वळसा घालू नका. बांध शेतकऱ्याने हाताने लिंपलेला असतो, चाकाने तो फुटतो आणि पाणी खालच्या शेतात जातं. ओळखीच्या दोन-तीन गावांत आम्हाला याबद्दल ऐकून घ्यावं लागलं आहे. भात कापल्यावर नोव्हेंबरनंतर ओलीवर वाल आणि हरभरा पेरलेला असतो. "रिकामं शेत" दिसलं तरी ते रिकामं नसतं.

जून ते सप्टेंबर या सायकली आम्ही भाड्याने देत नाही, कितीही आग्रह केला तरी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती, प्रवासी बोटींतून काढावे लागले. जिथे रेल्वे अडकते तिथे आमची सायकल पाठवायला आम्ही धजत नाही. लावणीच्या दिवसांत वाटाही माणसांना आणि बैलांना लागतात.

काट्यांबद्दल विचाराल तर बाभळीचा काटा रुतला तरी तो उपसू नका, चाक फिरवत ठेवा. सीलंट भोक बुजवतं. उपसलात आणि हवा गेलीच, तर किटमध्ये हातपंप, भोकात खुपसायचा प्लग आणि दाब मोजायचा छोटा गेज आहे. हातपंपाने रुंद टायर ३० पर्यंत भरायला पाच मिनिटं लागतात, ७० पर्यंत भरण्याची ताकद सहसा कोणाच्यात उरत नाही. म्हणूनच आम्ही हातपंप देतो.

सायकल धुऊन आणू नका. चिखलासकट आणा. कार वॉशच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि त्याचं दुखणं महिन्याभराने कळतं.

ज्यांच्या स्वतःच्या ग्रॅव्हल सायकली आहेत त्यांच्यासाठी: ट्यूब असेल तर वरच्या आकड्यांत चार-पाच मिळवा, नाहीतर खड्ड्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाने डसल्यासारखी. ट्यूबलेस असेल तर आपल्याकडच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली नाही तर घेऊन या. मोठ्या पायपंपावरचा काटा कमी दाबाला नीट वाचता येत नाही, म्हणून छोटा डिजिटल गेज घेणं बरं. आमच्याकडे तो मिळतो, पण दुसरीकडून घेतलात तरी चालेल. घ्या मात्र.

रविवारच्या टेम्पोसाठी नाव शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत द्या, म्हणजे रात्री हवा भरून ठेवता येते. वजनकाटा दाराशीच ठेवला आहे.