कोंडी गेट उघडल्यावर सुरू होते

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर संध्याकाळी सहाच्या सुमारास एकदा निवांत उभं राहून बघा. निवांत म्हणजे गाडी बाजूला लावून, रसवंतीच्या आडोशाला. गाडीवर बसून हे दिसत नाही, कारण तेव्हा आपणही त्या गोंधळाचाच भाग असतो.

घंटा वाजते, दांडा खाली येतो. पहिली मोटार डाव्या बाजूला शहाण्यासारखी थांबते. तिच्यामागं रिक्षा, रिक्षामागं दुधाचे कॅन लावलेली एम-एटी दुचाकी, मग दोन मोटारी. इथवर सगळं ठीक. मग मागून एक टू-व्हीलर येते आणि उजव्या, मोकळ्या अर्ध्यातून थेट दांड्यापर्यंत जाते. तिच्यामागं दुसरी. मग पाचव्या नंबरवर थांबलेल्या मोटारवाल्याला वाटतं, आपणच काय घोडं मारलंय? तो स्टिअरिंग उजवीकडं वळवतो. रेल्वे धडधडत निघून जाईपर्यंत रस्त्याची पूर्ण रुंदी भरलेली असते. रुळांच्या पलीकडंही हेच चाललेलं असतं. दांडा वर जातो तेव्हा दोन फौजा समोरासमोर उभ्या, आणि दोघींची पुढं जायची वाट दुसरीनं अडवलेली.

लोक म्हणतात, गेटमुळं ट्रॅफिक जाम होतं. माझं म्हणणं, खरी कोंडी गेट उघडल्यावर सुरू होते.

थोडा हिशेब करू. समजा गेट ६ मिनिटं बंद राहिलं आणि एका बाजूनं मिनिटाला १० गाड्या येतायत. म्हणजे ६० गाड्या साचल्या. एका रांगेतून सुटलेल्या गाड्यांत साधारण २ सेकंदांचं अंतर पडतं, हा जगभरच्या सिग्नलांवरचा ढोबळ अनुभव आहे. म्हणजे वाट मोकळी असेल तर मिनिटाला ३० गाड्या बाहेर पडतील. त्याच वेळी मागून १० नव्या येतच असतात, म्हणून रांग मिनिटाला २० गाड्यांनी घटेल. ३ मिनिटांत साफ.

आता समोरच्या फौजेनं वाट अडवली, एकेक गाडी आरसे मिटवून, तिरकी होऊन निघतेय, आणि मिनिटाला जेमतेम १२ सुटतायत असं धरा. येणाऱ्या १०, सुटणाऱ्या १२. रांग घटते मिनिटाला फक्त २ गाड्यांनी. ६० गाड्यांना लागला अर्धा तास! रस्ता तोच, गाड्या तेवढ्याच, रेल्वेही तीच. मधल्या काळात पुढच्या रेल्वेसाठी दांडा पुन्हा पडला, की ही रांग त्या दिवशी संपतच नाही.

यातली गोम अशी की उजवीकडून जाणारा माणूस मूर्ख नसतो. बाकीचे सगळे रांगेत असताना तो एकटा गेला तर त्याचा फायदाच होतो, चाळीस मीटर पुढं. बाकीचेही उजवीकडून जायला लागले, तर रांगेत उभा राहणारा एकटाच खुळा ठरतो. म्हणजे दुसरा काहीही करो, आपल्यापुरतं बघितलं तर घुसणंच फायद्याचं दिसतं. आणि सगळ्यांनी असं आपल्यापुरतं बघितलं की सगळ्यांचा अर्धा तास जातो. गणिताच्या ज्या शाखेत असले पेच सोडवतात तिला खेळांचा सिद्धान्त (गेम थिअरी) म्हणतात. आमच्याकडं कानडीतलं ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ (थोडं सांभाळून घ्या) मराठी माणसाच्याही तोंडात बसलंय. पण अ‍ॅडजस्ट व्हायला दोन गाड्यांच्या मध्ये थोडी तरी जागा लागते. ती संपली की कुणी कितीही सौजन्यशील असो, हलायचं कुठं?

याचा दुसरा फटका गेटशी काही संबंध नसलेल्यांना बसतो. काँग्रेस रोड रुळांना समांतर जातो (१९२४ च्या अधिवेशनामुळं त्याला हे नाव, ते अधिवेशन याच भागात भरलं होतं आणि अध्यक्ष होते गांधीजी). गेटची शेपटी लांबत लांबत काँग्रेस रोडवर आली की सरळ खानापूरच्या दिशेनं निघालेला माणूसही अडकतो. त्याला रूळ ओलांडायचेच नसतात. कोंडी अशी मागं मागं सरकत, चौकाचौकाला गिळत जाते, म्हणून ती जिथं दिसते तिथं जन्मलेली असेलच असं नाही.

पेरणी बघितलेल्या माणसाला हे लगेच पटेल. कुरीच्या, म्हणजे पेरायच्या अवजाराच्या, चाड्यात (वरच्या वाडग्यात) बी मूठ-मूठ सोडतात. घाई करून ओंजळ ओतली तर नळी तुंबते आणि एक दाणा खाली जात नाही. चाडं मोठं केलं म्हणून नळीतून जास्त बी जात नाही. वर साठतं तेवढं. दोन अरुंद तोंडांच्या मधला रस्ता रुंद करणं म्हणजे चाडं मोठं करणं. जनावरांना पाणी पाजायचा हौद होतो नुसता.

रस्त्यावरच्या गर्दीचं पहिलं शिस्तशीर मोजमाप करणाऱ्यांत ब्रूस ग्रीनशील्ड्स हा अमेरिकन इंजिनिअर होता. १९३० च्या दशकात ओहायोत त्यानं चक्क सिनेमाच्या कॅमेऱ्यानं रस्त्याचं चित्रण केलं, आणि गाड्या किती दाटीनं चालल्यात व किती वेगानं, हे मोजलं. दाटी वाढेल तसा वेग उतरतो, हे सांगायला कॅमेरा नको. पण वेग गुणिले दाटी म्हणजे रस्त्यातून ताशी जाणाऱ्या गाड्या, आणि हा गुणाकार एका टप्प्यापर्यंत वाढतो, मग घसरतो. त्या टप्प्यानंतर रस्त्यात घुसवलेली प्रत्येक गाडी रस्त्याचं काम कमी करते. शनिवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, गणपत गल्लीत मोटार घालणारा माणूस हेच करत असतो.

दाटी त्या टप्प्याच्या आसपास असली की कोंडीला कारणही लागत नाही. २००८ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या वर्तुळात २२ मोटारी ठेवल्या आणि चालकांना सांगितलं, साधारण ताशी ३० किलोमीटरनं फिरत राहा. चौक नाही, सिग्नल नाही, म्हैस आडवी येत नाही. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग कुणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्यानं थोडा जास्त, त्याच्या मागच्यानं आणखी, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. ही थांबण्याची लाट ताशी सुमारे २० किलोमीटरनं मागं सरकत राहिली. जुन्या पीबी (पुणे-बंगळूर) रोडवर विनाकारण खोळंबून, पुढं गेल्यावर ‘इथं तर काहीच नव्हतं की!’ असं आपण म्हणतो, त्यातली काही प्रकरणं या जातीची.

असल्या प्रयोगांवरून शिकवण निघते ती पुढच्या गाडीशी अंतर राखा, दचकून ब्रेक मारू नका, अशी. नागोयात ठीक आहे. बेळगावात अंतर राखलं की त्यात स्कूटी शिरते, स्कूटीमागं रिक्षा, आणि अंतर राखणारा पदयात्रेच्या वेगानं घरी पोचतो. आपली वाहतूक रांगेची नाहीच. ती पाण्यासारखी फटीफटीतून झिरपते. याला नुसती बेशिस्त म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. साडेतीन मीटरच्या पट्ट्यात एक मोटार मावते, त्याच रुंदीत तीन टू-व्हीलर शेजारी-शेजारी उभ्या राहतात. सिग्नलला त्या पुढं झिरपून जमतात आणि हिरवा होताच झटक्यात चौक रिकामा करतात. माणसं मोजली तर हा सौदा चांगला आहे. भारतातल्या रस्ते आखणीत वाहनं मोजतानाही सगळी एका मापानं मोजत नाहीत. मोटार १ धरली तर टू-व्हीलर साधारण अर्धी, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली चार-पाच मोटारींएवढी. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढावर धापा टाकत असला की मागचा माणूस शिव्या घालतो, त्याला हे असं आकड्यातलं पाठबळ आहे.

मग रस्ते रुंद केले तर? गेट काढून पूल केले तर? पुलांच्या बाजूनं मी आहे. कपिलेश्वर मंदिराजवळचा पूल झाला, गोगटे सर्कलचा झाला, तिसऱ्या गेटचा झाला, आणि त्या-त्या ठिकाणचं थांबणं संपलं. तोंड मोठं केलं तर धार वाढते, हे चाड्याच्या हिशेबातही बसतं. पण पूल उतरल्यावर पुढचा चौक तोच असतो. आधी गेट त्या चौकाकडं गाड्या मूठ-मूठ सोडत होतं, आता सगळी ओंजळ एकदम येते.

नुसत्या रुंदीकरणाचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेत अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की गर्दीच्या वेळी शहरातला द्रुतगती रस्ता त्याच्या कुवतीइतका भरतोच. २०११ मध्ये जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या दोघांनी तिथल्या शहरांमधल्या महामार्गांची आकडेवारी तपासली, तर रस्त्याची लांबी-रुंदी जितके टक्के वाढली जवळजवळ तितकेच टक्के त्यावर धावलेले किलोमीटर वाढलेले. नव्या जागेत जुन्या गाड्या सैल होऊन बसल्या नाहीत, नव्या गाड्या आल्या.

कुठून येतात या? आमच्याच घरातलं सांगतो. वडगावहून कॅम्पात नोकरीला जाणारा माझा चुलतभाऊ गर्दी टाळायला सकाळी आठलाच निघायचा. वाटेतला एक रस्ता रुंद झाला, तसा तो साडेनऊला निघायला लागला. वहिनी सिटी बसनं जायच्या. रस्ता बरा झालाय म्हणून त्यांनी गाडी घेतली. पुतण्या गल्लीबोळातून जायचा तो सरळ रस्त्यानं जायला लागला. घर एक, नवीन माणूस शून्य, आणि साडेनऊच्या रस्त्यावर तीन वाहनं वाढली. त्यात चंदगडकडून हिंडलग्यामार्गे खरेदीला आणि दवाखान्याला येणारे, गोव्याच्या नंबरपाट्या, खानापूरची वडापं (शेअर जीपगाड्या). २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं होती. रस्त्यावर मात्र हद्दीबाहेरचा निम्मा जिल्हा असतो असं वाटतं.

मोठा बायपास असला तर बाहेरचे बाहेर जातील हे खरं, पण तोही फुकट मिळत नाही. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले, कारण तो जातो ती बासमतीची पिकाऊ जमीन. शहरातल्या माणसाचा वाचणारा वेळ एका पारड्यात घालणं सोपं आहे, दुसऱ्या पारड्यात काय-काय घालायचं यावर भांडण आहे.

जुन्या शहरात तर रुंदीकरणाची गंमतच होते. एका नातेवाइकांच्या घराचा दगडी कट्टा रस्त्यात गेला. तीन पिढ्यांनी त्यावर बसून पेपर वाचला. आता नेमकी त्या कट्ट्याच्या जागी एक पांढरी मोटार उभी असते, सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत, केए-२२, म्हणजे इथल्याच नंबराची. उभी गाडी पावणेदोन-दोन मीटर खाते. गल्लीत ती एकच असली तरी तिच्यापाशी सगळ्यांना आत वळावं लागतं, म्हणजे पूर्ण गल्लीची कामाची रुंदी तेवढीच उरते. नळी पुन्हा तिथंच आणि तेवढीच. काका म्हणतात, “आमचा कट्टा तरी हलत न्हवता, बसाय तरी मिळायचं की.”

परवा गेटवर एक मजा बघितली. विटांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आमच्या बाजूच्या रांगेत होती. पुढचं चाक खड्डा चुकवायला वळवलेलं, त्यामुळं ती रस्त्याच्या मधल्या रेषेवर तिरकी थांबली आणि दांडा पडला. आता उजवीकडून जायला जागाच नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. हेल्मेट कोपरात अडकवलेला एक गडी ओरडला, “सरक की रे थोडा!”

“कुठं सरकू मामा?” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “वर घिऊ काय?”

रेल्वे गेली, दांडा उठला. पलीकडं नेहमीचीच भिंत होती. पण आमचा उजवा अर्धा रिकामा असल्यानं ती भिंत त्यातून भराभर वाहून गेली आणि आमच्यासाठी वाट उघडली. एका बाजूनं रांग टिकली तरी दोन्ही बाजू सुटल्या. मी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटंही लागली नाहीत.

ट्रॅक्टरवाला मात्र जाईपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खात होता. पुढची रेल्वे आली तेव्हा तिथं ट्रॉली नव्हती, आणि मी घड्याळ लावायचं सोडून घरी आलो.